झंझावातच्या डोक्यावरचं आभाळ

पहिलं पान उलटलं आणि भाचेबुवा पुढे वाकले.

पानाला भोक होतं. मुठीएवढं, आरपार. जळत्या इमारतीतून मूल घेऊन बाहेर पडणारा झंझावात मात्र जसाच्या तसा होता. भोक होतं त्याच्या डोक्यावर, जिथे नुसतं मोकळं आभाळ होतं तिथे. तिसऱ्या पानावर दोन भोकं. चौथ्यावर एक. चोवीस पानं उलटून होईपर्यंत चौदा भोकं झाली, आणि भाचेबुवा जे खुर्चीत बसले ते बसलेच.

भाचेबुवांचा धंदा फोटोफ्रेमचा. वय पंचेचाळीस, अंगाने भरलेले, मनाने हळवे. झंझावात या चित्रकथेतल्या वीराला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच्या प्रकाशनाने प्रदर्शन भरवलं होतं. पहिल्या अंकाची हाताने काढलेली मूळ पानं काचेत बसवायचं काम त्यांना मिळालं, तेव्हा हा गृहस्थ आठवडाभर हवेतच होता. कारण झंझावात म्हणजे त्यांचं सगळं बालपण. करडा झगा, डोळ्यांवर मुखवटा, आणि तोंडातून शब्द नाही. बाकीचे वीर ठोसा मारायच्या आधी पानभर बडबड करायचे. हा यायचा, वाचवायचा, निघून जायचा. सहाशे अंकांत एकदाही बोलला नाही आणि एकदाही मुखवटा काढला नाही. मुखवट्याआड कोण, यावर शाळेत पैजा लागायच्या. भाचेबुवांनी डॉक्टरवर पैज लावली होती.

त्यांनी फोन लावला.

"आत्या, कोणीतरी आभाळ कापून नेलंय."

"शुद्धीवर आहेस ना रे ठोंब्या?" पलीकडून आवाज आला. "जागचा हलू नकोस. कशाला हात लावू नकोस. आलेच."

आत्या अर्ध्या तासात आली. कोणतं घर खरंच जळलं आणि कोणतं मुद्दाम जाळलं, हे ठरवण्यात तिची विमा कचेरीत अठ्ठावीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने खाजगी तपासाची पाटी लावली. बुटकी, चपळ, आणि तोंडाने फटकळ.

प्रकाशनाच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"उद्या सकाळी उद्घाटन आहे हो. आणि हे असं."

"पानं शेवटची कोणी पाहिली?"

"काल दुपारी तिघांनी. प्रत्येकाने अर्धा अर्धा तास, एकेकट्याने. काही सुटलंय का ते तपासायला मीच बोलावलं होतं. आमचे चित्रकारकाका, लेखकाचा मुलगा आणि चित्रांत अक्षरं लिहिणाऱ्या अक्षरताई. त्यांच्यानंतर मी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात."

"पानं लावणार कशी होतात?"

"दोन काचांमध्ये. मागून दिवा. परवाच तिघांना तसं सांगितलं, रिकामी काच आणि दिवा दाखवूनही झालं."

आत्याने मान हलवली. "आणि भांडण कशावरून?"

मालकीणबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेरच्या व्हरांड्यात एक मोठी पाटी आडवी ठेवलेली होती. तिच्यावर सुरेख अक्षरांत लिहिलं होतं, 'झंझावातचा जनक'. खाली जागा कोरी.

"एकच नाव जाणार आहे तिथे. आजवर अंकावर लेखकांचं नाव छापत आलो. ते पाच वर्षांपूर्वी गेले. चित्रकारकाका म्हणतात, झंझावात माझा. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना ते नाव जिवंतपणी बघायचंय, दुसरं काही नको आहे त्यांना. आणि मागच्या महिन्यात लेखकांच्या मुलाला कपाटात वडिलांची वही सापडली. वही खरी ठरली तर काकांचं नाव कायमचं गेलं. पाच वाजेपर्यंत ठरवायचंय मला."

आत्याने पर्समधला जाड भिंगाचा चष्मा काढला आणि पानांवर वाकली. बराच वेळ ती नुसती हुंकार देत होती.

"ठोंब्या, इकडे ये. कड बघ."

"वेडीवाकडी आहे. करवतीच्या दातांसारखी. घाईत कापलंय."

"घाईत? मग हे बघ."

तिसऱ्या पानावर झंझावातची वाऱ्याने उडालेली बट भोकात पुढे आलेली होती. पातं तिच्याभोवती नाजूक वळसा घालून गेलं होतं. बटेची एक रेघही तुटली नव्हती.

"आणि हे?" तिने भोकाच्या कडेवर नखाने दाखवलं. पिवळट पडलेल्या कागदावर पांढऱ्या रंगाचं बारीकसं खवल्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"पान छापलेल्या अंकात कसं दिसतं?" आत्याने विचारलं. "तुला पहिला अंक पाठ आहे म्हणे."

"पाठ आहे," भाचेबुवा अभिमानाने म्हणाले. "इथे काहीच नाही. नुसतं आभाळ. पहिल्या अंकात झंझावात नेहमी चौकटीच्या तळाशी असतो, डोक्यावर भरपूर जागा. त्या एकटेपणावर लोकांनी लेख लिहिलेत आत्या."

"लेख राहू देत. त्याचं तोंड कसं आहे?"

"तोंड?" भाचेबुवांनी डोळे मिटून आठवलं. "उघडं. धापा टाकतोय ना, आगीतून आलाय. दुसऱ्या अंकापासून मिटलेलं. मग मिटलेलंच."

आत्याने चष्मा काढून डबीत ठेवला, आणि भाचेबुवांनी ओळखलं की तिला काहीतरी दिसलंय आणि आपल्याला ते दिसलेलं नाही. हे नेहमीचंच होतं.

पहिल्यांदा चित्रकार आले. किडकिडीत, पांढरे केस, शर्टाच्या खिशात पेन्सिली. भाचेबुवा नकळत उठून उभे राहिले. लहानपणी या माणसाला त्यांनी तीन पत्रं पाठवली होती, आणि तिन्हींना उत्तर आलं होतं.

"कापलं?" चित्रकार म्हणाले. "माझी पानं?" त्यांनी चहाचा कप उचलला तशी बशी खडखडू लागली. त्यांनी कप परत ठेवला.

"तो मुका असावा ही कल्पना कोणाची?" आत्याने विचारलं.

"माझी. आता लेखक हयात नाही, तर मला सांगायला कशाला लाज वाटेल? मी त्याच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवली. शब्द नकोत म्हणून."

"लेखकांशी यावर बोलणं झालं होतं?"

"आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. दोघंही तिरसट. पण एक सांगतो. पहिला अंक छापून आला त्या दिवशी तो माझ्या घरी आला. माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, आणि काही न बोलता निघून गेला. याचा अर्थ काय होतो, सांगा तुम्हीच."

"अर्थ होतो खरा," आत्या म्हणाली. "काका, चूक झाली तर तुम्ही पांढऱ्या रंगाने पुसायचात का?"

चित्रकारांनी असं पाहिलं की जणू तिने त्यांना चोर म्हटलं. "उभ्या आयुष्यात नाही. रेघ चुकली तर पान फाडायचं, नवं घ्यायचं. माझ्या घरात पांढऱ्या रंगाची डबी कधी आलीच नाही."

ते गेल्यावर भाचेबुवा म्हणाले, "आत्या, हा माणूस आपली पानं कापेल का गं? त्या मुलानेच केलं असणार."

"तू फ्रेमला खिळे ठोक," आत्या म्हणाली.

लेखकाचा मुलगा पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. आल्याबरोबर त्याने वही टेबलावर ठेवली.

"म्हाताऱ्याने कापलंय. वहीपुढे हरला, म्हणून जळफळाट. दुसरं काय?"

"वाचू दे," आत्या म्हणाली.

वहीवर तारीख होती पहिल्या अंकाच्या दोन महिने आधीची. पहिल्या पानावर वर्तमानपत्राचं जुनं कात्रण चिकटवलेलं होतं. आत्याने ते मोठ्याने वाचलं, "'गोदामामागच्या इमारतीला लागलेल्या आगीतून एका धाडसी इसमाने दोन मुलांना बाहेर काढले. नाव विचारले असता सदर इसम काही न बोलता गर्दीत निघून गेला. नाव कळू शकले नाही.'"

"बाबांना कल्पना यावरून सुचली," मुलगा म्हणाला. "ते नेहमी सांगायचे. पुढे बघा."

पुढे होतं, 'झंझावात. मुखवटा, करडा झगा. कधीच बोलत नाही. ओठ सदैव मिटलेले.' खाली एक रेखाटनही होतं.

"वडिलांनी चित्रकारांना कथा कशी द्यायची पद्धत होती?"

"टाइप करून. कोणत्या चौकटीत काय, कोण काय बोलतो, सगळं. काम झालं की ते कागद टाकून द्यायचे."

"वडील तुमच्याशी खोटं बोलायचे का हो?"

मुलाचा चेहरा उतरला. "बाबा? कधीच नाही. मला हे सिद्ध करायचंय ते त्यांच्यासाठी."

भाचेबुवांना वाटलं, हा माणूस आवडण्यासारखा नाही, पण खोटारडाही दिसत नाही. ते गोंधळले.

अक्षरताईंना भेटायला आत्या स्वतः व्हरांड्यात गेली. सत्तरीची बाई, पाटीपुढे मांडी घालून बसलेली. झंझावातच्या सगळ्या अंकांतली अक्षरं हिच्या हातची. पाटीच्या कडेची नक्षी ती एका दमात काढत होती, आणि ब्रश तसूभरही हलत नव्हता. तिने बाही वर सरकवली, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी आक्रसलेली, चकचकीत दिसली. खूप जुनं भाजलेलं.

"तुमचं काम नेमकं काय असायचं?" आत्या शेजारीच जमिनीवर बसली.

"शेवटचं," अक्षरताई म्हणाल्या. "चित्रकार शाईने चित्रं पुरी करायचे. बोलणाऱ्याच्या डोक्याजवळ फुगे काढून ठेवायचे, रिकामे. मग पान माझ्याकडे. मी टाइप केलेल्या कागदावरून फुग्यांत अक्षरं लिहायची. माझ्याकडून थेट छापखान्यात."

"लिहिताना चुकलं तर?"

"पांढऱ्याने पुसायचं." त्यांनी शेजारच्या डबीकडे बोट केलं.

"पहिल्या अंकाचं काम आठवतं?"

ब्रश पहिल्यांदा थांबला. "मी वीस वर्षांची होते. एवढंच आठवतं."

"तुम्हाला काय वाटतं, पाटीवर कोणाचं नाव यावं?"

"मला कोण विचारतंय?" अक्षरताई म्हणाल्या आणि पुन्हा नक्षी काढू लागल्या.

चार वाजता आत्याने सगळ्यांना एका खोलीत बसवलं. भाचेबुवा दाराशी उभे राहिले, मुलगा पळाला तर अडवायला.

"इकडे ये, बस," आत्या म्हणाली. "कोणी पळणार नाहीये. आधी एक सांगा, रिकामं आभाळ कोणी कशाला कापेल?"

आत्याने भोकं पडलेली पानं टेबलावर पसरली.

"कारण ते रिकामं नव्हतं. कडेवर पांढरा रंग आहे. त्या प्रत्येक जागी काहीतरी काढलेलं होतं आणि ते पांढऱ्याने झाकलेलं होतं. छापताना दिसलं नाही. पण मागून दिवा लावला की खालची शाई दिसणार. हे परवा तुम्हा तिघांना कळलं, आणि काल पानं कापली गेली. वीराच्या डोक्याजवळ, मुठीएवढं, चौदा ठिकाणी. काय असेल?"

"फुगे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

"बोलण्याचे फुगे. म्हणून तो चौकटीच्या तळाशी उभा. एकटेपणा वगैरे काही नाही रे ठोंब्या, वर फुग्याला जागा हवी होती. आणि म्हणून त्याचं तोंड उघडं. तो धापा टाकत नव्हता, बोलत होता. पहिला अंक लिहिला गेला तेव्हा झंझावात चांगला पोपटासारखा बोलणारा वीर होता."

भाचेबुवांनी जवळचं पान ओढून ते उघडं तोंड पुन्हा पाहिलं.

"मग ही वही." आत्याने ती उचलली. "'ओठ सदैव मिटलेले.' दोन महिने आधी लेखकांनी हे ठरवलं असतं, तर टाइप केलेल्या कथेत त्याला चौदा वेळा बोलायला लावलं नसतं. कात्रण जुनं आहे, तेवढं खरं. बाकी मजकूर अंक छापल्यानंतरचा आहे. माफ करा, पण तुमच्या वडिलांनी ही वही मागाहून लिहिली."

मुलगा उभा राहिला, पुन्हा बसला. "बाबांनी?" तो एवढंच म्हणाला.

"आता कापणारा कोण? कड करवतीसारखी आहे, म्हणजे हात थरथरणारा. अक्षरताईंचा हात दगडासारखा स्थिर आहे. आणि वीराच्या बटेभोवती वळसा आहे. दुसऱ्या कोणी कापलं असतं तर सरळ चौकोन काढला असता. ज्याला ती रेघ तोडवली नाही, त्याचीच ती रेघ."

भाचेबुवांनी चित्रकारांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. त्यांना आपली तीन पत्रं आठवली, तिन्हींच्या उत्तरात काढलेला छोटा झंझावात आठवला.

चित्रकारांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत चौदा तुकडे होते. "टाकून द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "हात धजला नाही."

आत्याने एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या रंगाखाली शाईचं गोल कडं उमटलं. आत एकही अक्षर नव्हतं.

"मला वाटलं, लेखकाने पुसायला लावलं," चित्रकार म्हणाले. "पन्नास वर्षं तेच वाटत होतं. मी फुगे काढले होते, आणि छापून आलं तर फुगे नाहीत. मला आवडलं. इतकं आवडलं की ते माझंच असावं असं वाटू लागलं. दिव्यात माझे फुगे दिसले असते, तर तेही गेलं असतं."

"आणि लेखकांना वाटलं, तुम्ही पुसले," आत्या म्हणाली. "म्हणून ते हात धरायला आले. काका, तुम्हीच पुसले असते, तर ही पानं म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा होता. तो तुम्ही कापलात, तिथेच कळलं की पुसणारे तुम्ही नव्हेत. लेखक नव्हेत, तुम्ही नव्हेत. दोघांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. पण दोघांनाही श्रेय हवं होतं, म्हणून कोणीच विचारलं नाही. तुमच्या हातून पान सुटल्यावर ते एकाच माणसाकडे जायचं. जिच्याकडे पांढऱ्या रंगाची डबी होती, आणि जिने या फुग्यांत अक्षर लिहिलंच नाही."

सगळ्या माना अक्षरताईंकडे वळल्या.

मालकीणबाई पुढे झाल्या. "ताई, तुम्ही? का?"

अक्षरताईंनी बाही नीट केली. "तो मूल घेऊन आगीतून बाहेर येतो आणि न्यायावर सहा ओळी बोलतो. मला ते लिहवेना. धुरात तोंड उघडलं की माणूस मरतो."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "पण एवढंच नाही. तुमचा हात कुठे भाजला?"

अक्षरताईंनी नीट केलेली बाही पुन्हा वर सरकवली.

"गोदामामागच्या इमारतीत," अक्षरताई म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होते. आईने आधी मला काढलं, मग परत आत जाऊन शेजारचं पोर आणलं. बापाची जुनी पँट घातलेली आणि करडं कांबळं पांघरलेलं तिने, तोंड काजळीने काळं. लोकांनी नाव विचारलं. ती काय सांगणार? माझी आई जन्माची मुकी होती. लिहितावाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, एक इसम. नाव कळू शकले नाही."

भाचेबुवांनी वळून पाहिलं. टेबलावर ते कात्रण उघडंच होतं.

"कथा टाइप होऊन आली तेव्हा पहिल्याच पानावर ओळखलं मी. लेखकांनी तिला पुरुष केलं, मुखवटा घातला. ते मी बदलू शकत नव्हते. पण ती बोलत नव्हती, तेवढं माझ्या हातात होतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं."

"पन्नास वर्षांत कधी बोलला नाहीत," लेखकाचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"कोणी विचारलं नाही. आणि आई प्रत्येक अंक बघायची हो. मरेपर्यंत. तिला एवढंच दिसायचं की हा आपल्यासारखा आहे. मग आणखी कोणाला काय सांगायचं?"

चित्रकार उठले. त्यांना उठायला वेळ लागला. ते अक्षरताईंपुढे जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी हात जोडले.

मालकीणबाईंनी डोळे पुसले. "पाच वाजत आलेत. ताई, पाटीवर तुमचं नाव लिहा."

पाटी आत आणली गेली. भाचेबुवांनी एक कड धरली, आणि दुसरी चित्रकारांनी, थरथरत्या हातांनी. अक्षरताईंनी पांढऱ्या रंगाची डबी उघडली. 'चा जनक' ही अक्षरं त्यांनी शांतपणे पुसून टाकली. वर उरलं नुसतं 'झंझावात'. मग काळा ब्रश घेऊन खालच्या कोऱ्या जागेत त्यांनी एक नाव लिहिलं. जुन्या वळणाचं, बाईचं नाव.

"हे तुमचं नाव?" भाचेबुवांनी विचारलं.

"आईचं," अक्षरताई म्हणाल्या. "आमची नावं खाली बारीक अक्षरांत लिहिते. लेखकांचं, यांचं, माझं."

भाचेबुवांनी ते नाव मोठ्याने वाचलं. शाळेतल्या पैजा त्यांना आठवल्या. कोणी डॉक्टर म्हटलं होतं, कोणी हेडमास्तर, कोणी पोलीस. पैज जिंकलेलं कोणीच नव्हतं. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि फ्रेमसाठी पाटीचं माप घ्यायला सुरुवात केली.